हिरव्या शाईतल्या सत्तावीस खुणा

गुरुवारी दुपारी पावणेतीन वाजता अदिबा आमच्या जेवणाच्या टेबलावर फॉर्म तपासत बसली होती आणि मी समोरच्या खुर्चीत कौतुकाची वाट पाहत होतो. साठच्या साठ फॉर्म. कोपरे जुळवलेले, टाचण्या एका रेषेत, क्रमांक चढते. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाच्या हातचं काम कसं असतं, हे या पीएचडीवाल्या मुलांना एकदा दिसायलाच हवं होतं. संजनाने, म्हणजे आमच्या सौ.ने, तिच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली होती आणि पोहे निवत चालले होते.

अदिबा अन्सारी मालेगावची. मानसशास्त्रात पीएचडी करते, विषय ‘उतारवयातलं एकटेपण’. आणि मी, प्रफुल्ल गांगुर्डे, निवृत्त मुख्य लिपिक, तिचा अर्धवेळ संशोधन साहाय्यक. हे शब्द तिने दिलेल्या पत्रात छापलेले आहेत आणि ते पत्र मी लॅमिनेट करून घेतलं आहे. काम असं, की आमच्या पाथर्डी फाट्याजवळच्या समता कॉलनीतल्या साठ जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. बत्तीस वाक्यं आणि प्रत्येक वाक्यापुढे पाच रकाने: नेहमी, बऱ्याचदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही. पटेल त्या रकान्यात खूण करायची. फॉर्मवर नाव नाही, नुसता क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा याची यादी माझ्या डायरीत, डायरी कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. इतकं गोपनीय काम मला नोकरीतसुद्धा कधी मिळालं नव्हतं.

“काका,” अदिबा म्हणाली, “हे हिरवं काय आहे?”

मला वाटलं, तिला शाईचा रंग आवडला. तेव्हा मी तिला जरा समजावून सांगितलं. आमच्या कचेरीत हिरव्या शाईने फक्त साहेबांनी लिहायचं, असा रिवाज. बाकीच्यांनी निळी नाहीतर काळी. चौतीस वर्षं मी साहेबांच्या टेबलावरचा तो हिरवा पेन बघत आलो. निरोप समारंभाला मिळालेली शाल मी घडीसकट ठेवून दिली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला रविवार कारंज्यावरच्या दुकानात जाऊन हिरव्या पेनांचा डबा विकत घेतला. आता दूधवाल्याचा खाडासुद्धा मी हिरव्यात मांडतो.

“रंग नाही विचारत, काका. प्रश्न सतरा. या खुणा कुणी केल्या?”

“मी,” मी म्हणालो. “सत्तावीस जणांनी सतरावा प्रश्न कोरा सोडला होता. अपूर्ण अर्ज पुढे पाठवायचा नाही, हा आपला नियम. म्हणून मी पूर्ण केला. बघ, प्रत्येक खुणेशेजारी सही आहे. प्र. गां.”

सही दाखवताना मला खरोखर अभिमान वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. अदिबाने एक फॉर्म उलटला, दुसरा उलटला, मग सगळे एकदम झरझर उलटले. सतरावं वाक्य असं होतं: ‘घरात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जातं.’

“तुम्हाला काय माहीत, त्यांचं उत्तर काय होतं ते?”

“अगं, बावीस वर्षं शेजारी राहतो. सावळीरामच्या घरात कोण कुणाचं ऐकतं, हे त्याच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. आमची भिंत एकच आहे.”

“काका, रिकामं असतं तर चाललं असतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “रिकामं हेपण उत्तरच असतं. माणसाने का सोडलं, त्याचाच तर अभ्यास आहे. आता हा डेटा बनावट झाला.”

बनावट! चौतीस वर्षांत माझ्यावर एक मेमो नाही. एकदा टाचणीची डबी जास्त आली तर ती मी लेखी परत केली होती. आणि ही माझ्या नातीच्या... नात नाही म्हणा, पण मुलीच्या वयाची पोरगी माझ्याच घरात, माझ्याच पोह्यांपुढे बसून मला बनावट म्हणत होती. मी काहीतरी बाणेदार बोलणार होतो. पण त्याआधी तीच बोलायला लागली.

शनिवारी सकाळी अकरा वाजता तिची समिती बसणार होती. मूळ फॉर्म समितीसमोर ठेवायचे. निदान पन्नास निर्दोष फॉर्म हवेत. तिला एकदा मुदतवाढ मिळून गेलेली, दुसरी मिळत नाही. शनिवारी काम नामंजूर झालं की नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात. घरच्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “इस साल नहीं हुआ तो बस.” बस म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. साठातून सत्तावीस गेले म्हणजे उरले तेहतीस. हे गणित तिने माझ्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर केलं आणि त्याच्याकडे बघत बसली.

नेमके तेव्हाच गोटीराम अहिरे आत आले. हे समोरच्या बंगलीतले निवृत्त शिक्षक. मूळचे देवळ्याचे, माझं वर्तमानपत्र दुपारी नेतात आणि शब्दकोडं सोडवून परत आणतात. सल्ला द्यायला त्यांना विषय कळण्याची गरज पडत नाही. या वेळी त्यांनी विषयही विचारून घेतला.

“इतलंच ना? मग बिघडनं काय?” ते म्हणाले. “व्हाइटनर शे ना! लावा आनि वरून निळ्या पेननी खुना करा. कोनले समजस?”

“सर, ते करता येत नाही,” अदिबा म्हणाली.

“मग नवे साठ फॉर्म घ्या आनि गांगुर्डेसाहेबांनाच भरू द्या. त्यांना सगळ्यांचं माहीतच शे म्हनतात.”

अदिबा फोन घेऊन गॅलरीत गेली. “मी मॅडमना आत्ताच सांगते. शनिवारी त्यांना आपोआप दिसलं तर मी संपले,” एवढंच म्हणाली. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. ती उभी होती ती एकदम ताठ, परीक्षेला उभी असल्यासारखी. बराच वेळ ती नुसती ऐकत होती.

खरं सांगतो, तेवढ्या वेळात गोटीरामांचा सल्ला मला पटला. मी ड्रॉवर उघडून व्हाइटनरची बाटली शोधली, टोपण काढलं, हलवून बघितली. तेवढ्यात गॅलरीचं दार वाजलं आणि मी ती बाटली घाईघाईने पँटच्या खिशात टाकली. टोपण टेबलावरच राहिलं. संजनाने ते टोपण उचललं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोह्यांची बशी घेऊन आत गेली.

मॅडमनी एकच वाट ठेवली होती. ज्यांच्या फॉर्मवर मी खूण केली त्या प्रत्येकाकडे आम्ही दोघांनी जायचं. काय घडलं ते मी माझ्या तोंडाने सांगायचं. माणसाने मागितली तर माझी हिरवी खूण दाखवायची. मग वेगळ्या कागदावर प्रश्न सतरा पुन्हा विचारायचा, उत्तर त्याने स्वतः लिहायचं, आपल्या हाताने पाकिटात घालायचं आणि पाकिटावर सही करायची. नकार दिला तर फॉर्म बाद. प्रश्न एकदाच वाचायचा आणि त्यानंतर विचारणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही.

“सत्तावीसमधले सतरा पाहिजेत,” अदिबा म्हणाली. “शनिवारी सकाळी दहाच्या आत.”

“माझी खूण दाखवायची म्हणजे... त्यांना?” मी विचारलं.

“हो काका.”

मी किल्ली काढून कपाट उघडलं. खिशातलं व्हाइटनर माझ्या हाताला लागलं होतं, ते कपाटाच्या मुठीलाही पांढरं लागलं.

पहिलं घर सावळीराम निकमचं. एसटीत कंट्रोलर होता, आवाज अजून स्टँडवरचाच आहे. मी प्रास्ताविक केलं. ‘काही तांत्रिक कारणास्तव’ अशी सुरुवात केली तर अदिबाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी सरळ सांगून मोकळा झालो. सावळीरामने शांतपणे ऐकलं आणि हात पुढे केला.

“दाखव, काय लिहिलंयस माझ्या नावावर.”

‘घरात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जातं.’ कधीच नाही. प्र. गां.

सावळीरामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “कधीच नाही? माझ्या घरात? अरे, मी शब्द टाकला की या घरात पान हलत नाही!” त्याचा आवाज गेटपर्यंत गेला. “बावीस वर्षं मी तुला मित्र समजतो आणि तू भिंतीला कान लावून...”

“अहो, पुरे झालं,” आतून वहिनींचा आवाज आला. “कुकर बंद करा आधी.”

सावळीराम उठला, आत गेला, कुकर बंद केला आणि परत येऊन म्हणाला, “सही करणार नाही. निघा.” बाहेर पडताना वहिनींनी खिडकीतून हाक मारून सांगितलं, की माझ्या पँटवर मागून पांढरं काहीतरी सांडलंय.

आम्ही दुसऱ्या घरी पोचायच्या आत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सावळीरामचा संदेश पडला होता. ‘सर्व ज्येष्ठांनी नोंद घ्यावी. गांगुर्डे यांनी आपापल्या घराबद्दल सरकारी कागदावर काय लिहिले आहे ते तपासून घ्यावे.’ त्याखाली रागाचे चेहरे. त्याखाली कुणीतरी सवयीने ‘अभिनंदन’ लिहिलेलं. कागद सरकारी नाही, हे मी टाइप करत होतो, तेवढ्यात तिसऱ्या घराने आमच्या तोंडावर दार लावलं. चौथ्या घरात मुलगा म्हणाला, “बाबा झोपलेत.” बाबा त्याच्या मागेच उभे होते.

संध्याकाळी सहा वाजता आमची मिळकत शून्य होती. अदिबाची मालेगावची गाडी सुटून गेली. संजना म्हणाली, “आज इथेच राहा, सृष्टीची खोली रिकामीच आहे.” सृष्टी आमची मुलगी, पुण्याला नोकरी करते. अदिबाने घरी फोन लावला आणि आईला सांगितलं, “काम अच्छा चल रहा है, अम्मी.” आणि फोन ठेवून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं त्याला शरम म्हणतात. इतके दिवस शरम दुसऱ्यांना कशी वाटायला हवी, एवढंच मला माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात सात माणसं. गोटीराम सगळ्यांत पुढे.

“माझ्यावर काय लिखेल शे, ते दाखवा.”

त्यांच्या मागे इनायत मास्टर, त्यांच्या मागे इतर. मला तेव्हा कळलं, की सावळीरामने माझं नाक कापायला जे केलं, त्यानेच माणसं घराबाहेर काढली होती. शास्त्रासाठी कुणी चपला घालून आलं नसतं. पण गांगुर्डे आपल्याबद्दल काय समजतो, हे बघायला आख्खी कॉलनी यायला तयार होती. अदिबाने क्षणात टेबल हॉलच्या कोपऱ्यात सरकवलं, मध्ये संजनाची साडी पडद्यासारखी बांधली आणि एकेकाला आत घ्यायला सुरुवात केली. दाराशी मी. मी कबुली द्यायची, खूण दाखवायची आणि माणूस पडद्याआड पाठवायचा. तिथे अदिबा प्रश्न वाचणार.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. गोटीरामांच्या फॉर्मवर मी ‘नेहमी’ केलं होतं, कारण ज्या माणसाला थांबवताच येत नाही त्याचं घरचे ऐकतच असणार, असा माझा हिशेब. त्यांनी ती खूण चष्मा वर करून पाहिली, काही सल्ला दिला नाही, आणि पडद्याआड गेले. तिथून आवाज नाही. पाच मिनिटं. गोटीराम अहिरे पाच मिनिटं गप्प, हे आमच्या कॉलनीत आजवर झालेलं नाही. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. “चष्म्याचा नंबर वाढना बहुतेक,” असं म्हणून शब्दकोडं न मागता निघून गेले.

इनायत मास्टर शिंपीकाम करायचे, आता नजर साथ देत नाही. त्यांच्यावर मी ‘बऱ्याचदा’ केलं होतं. ते खळखळून हसले आणि तिथूनच बायकोला, हाजराभाभींना, फोन लावला. “सुन रही है? गांगुर्डेसाहेबांनी तुझी इज्जत ठेवली बघ. बऱ्याचदा लिहिलंय!” पलीकडून काय आलं ते कळलं नाही, पण त्यांनी फोन कानापासून लांब धरला. सगळे हसले. मी पण हसलो आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मला जरा श्वास घेता आला.

मग आक्काबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, वणीकडच्या, मुलाकडे राहतात. सून स्नेहा त्यांना हाताला धरून घेऊन आली. स्नेहा वागायला चांगली, सासूच्या औषधांच्या वेळा पाठ. त्या फॉर्मवर मी डोळे झाकून ‘नेहमी’ केलं होतं. स्नेहाने तो बघितला आणि खूश झाली. आक्काबाई म्हणाल्या, “पोरी, तू जरा घरला जा. भाजी करपंल.”

स्नेहा गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुला कोन म्हनलं रं, न्हेमी?”

“आक्का, मला वाटलं...”

“मला लिवता येतंय. बाकीच्या खुना मीच केल्या ना? पर ह्या सवालाला स्नेहा शेजारी हुबी व्हती. वाईट लिवलं तर पोरगी रडंल. चांगलं लिवलं तर खोटं व्हईल. म्हून मोकळं सोडलं.” त्या पडद्याकडे वळल्या. मग थांबल्या. “मोकळं सोडलेलं तुला दिसलं नाय का?”

दिसलं होतं ना. दिसलं म्हणून तर भरलं. हे मी बोललो नाही. सत्तावीस माणसांनी एकच प्रश्न कोरा सोडला तो कंटाळून नाही, विसरून नाही. फॉर्म भरताना प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी उभं होतं. आणि काही घरांत ते कुणीतरी म्हणजे मीच, हिरवा पेन घेऊन, “चला, आटपा” म्हणत.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सोळा पाकिटं झाली. सोळा! सावळीरामसकट सहा जणांनी साफ नकार दिला. चौघे एका लग्नाला विंचूरला गेलेले, ते रविवारी येणार. त्यांना फोनवर विचारता येईल का, असं मी म्हटलं, तर अदिबा म्हणाली, “पाकिटावर सही फोनवर कशी करणार, काका?” मी सावळीरामकडे पुन्हा गेलो. त्याच्या पायऱ्यांवर उभं राहून माफी मागितली. मोठ्याने मागितली, गल्लीला ऐकू जाईल अशी. त्याने दार उघडलं, पूर्ण ऐकून घेतलं, “बरं” म्हणाला आणि दार लावलं.

शनिवारी सकाळी पावणेनऊ वाजता अदिबा तयार होऊन टेबलाशी बसली होती. फॉर्म पिशवीत भरलेले. एकोणपन्नास.

“काका,” ती म्हणाली, “सोळा झाले, सहा जणांचा नकार, चार बाहेरगावी. सव्वीस झाले. सत्ताविसावा कोण? क्रमांक अठ्ठावन्न.”

मी डायरी उघडली. उघडायची गरज नव्हती. मला गुरुवारपासून माहीत होतं. घरचाच फॉर्म आहे, शेवटी केव्हाही घेता येईल, असं मी ठरवून टाकलं होतं. आता खरं सांगायचं तर तेही खरं नाही. मी टाळत होतो. त्या फॉर्मवरची खूण मी टेबलाशी बसूनसुद्धा केली नव्हती. उभ्या उभ्या, चहाचा कप डाव्या हातात, उजव्या हाताने ‘नेहमी’ आणि प्र. गां.

“संजना,” मी हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. दोन दिवस हिने पन्नास कप चहा केला होता, पोरीला जेवू घातलं होतं, स्वतःची साडी बांधायला दिली होती आणि एक शब्द बोलली नव्हती. मी कबुली दिली. तिने हात पुढे केला. मी फॉर्म दिला. तिने ती खूण पाहिली, बराच वेळ पाहिली.

“काकू, तुम्ही या, पडद्यामागे मी विचारते,” अदिबा म्हणाली. “काका बाहेर थांबतील.”

“नाही,” संजना खुर्चीवर बसली. “यांनीच विचारू दे. समोर बसून.”

“पण काकू, मग उत्तर मोकळेपणाने...”

“अगं, बत्तीस वर्षं झाली. आज नाही मोकळेपणाने बोलले तर कधी बोलणार?”

अदिबाने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून पाच मिनिटं. इथून रिक्षाने पाऊण तास धरावाच लागतो. तिने माझ्या हातात कागद दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

मी वाचलं. “घरात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जातं.” आणि गप्प बसलो.

माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणं म्हणजे काय हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. संजना कागदाकडे बघत होती. पहिल्या मिनिटात मला तिला सांगावंसं वाटलं, की वेळ कमी आहे. दुसऱ्या मिनिटात सांगावंसं वाटलं, की प्रश्न घराबद्दल आहे, माझ्याबद्दल असं कुठे लिहिलेलं नाही. मग सांगावंसं वाटलं, की निळा पेन इथे आहे. दर वेळी दारातून अदिबा डोळे मोठे करायची आणि मी आवंढा गिळायचो. नऊ वाजून बारा मिनिटं.

“मार्चमध्ये आपण हाडांच्या डॉक्टरकडे गेलो होतो,” संजना म्हणाली. “त्यांनी मला विचारलं, कुठला गुडघा दुखतो? तुम्ही म्हणालात, डावा.”

मी तोंड उघडलं. अदिबाने मान हलवली. मी तोंड मिटलं.

“माझा उजवा दुखतो. तीन आठवडे त्यांनी डाव्याला शेक दिला. मी घरी आल्यावर दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, डॉक्टरांना जास्त कळतं.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “सृष्टीचा फोन येतो. पाऊण तास तुम्ही बोलता. मग माझ्याकडे देता आणि ती म्हणते, आई, मीटिंग आहे, ठेवते. मी काय बोलणार होते ते सगळं तुम्हीच तिला सांगितलेलं असतं. आई मजेत आहे. आईला पुण्याला यायचं नाही. आईला कांदा चालत नाही.” ती थांबली. “मला यायचंय पुण्याला. कांदा तुम्हाला चालत नाही.”

मला म्हणायचं होतं, की मी हे सगळं तुझ्या भल्यासाठी केलं. मला म्हणायचं होतं, की मला माहीत नव्हतं. आणि तेवढ्यात लक्षात आलं, की गुरुवारी मी अदिबाला नेमकं उलट म्हणालो होतो: मला ठाऊक आहे. मला रडू येत होतं आणि माझ्याकडे तेसुद्धा करायची परवानगी नव्हती. नऊ सव्वीस.

संजनाने निळा पेन उचलला. कागद आपल्याकडे ओढला, डाव्या हाताने आडोसा केला आणि खूण केली. घडी घातली, पाकिटात सारली, पाकीट चिकटवलं आणि वर सावकाश सही केली. संजना गांगुर्डे, पूर्ण नाव. मग उठून ते स्वतः अदिबाच्या हातात दिलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. “पळ आता. डबा पिशवीत घातलाय.”

अदिबा खरोखर पळाली. कोपऱ्यावर रिक्षा नव्हती. सावळीरामने त्याच्या गेटमधून पाहिलं, स्कूटर बाहेर काढली आणि तिला मागे बसवून घेऊन गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

दीड वाजता फोन आला. पन्नास फॉर्म मंजूर. समितीने तिला विचारलं होतं, की या चुकीचं काय करणार? तिने सांगितलं, की प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण लिहीन: माणसं कोणता प्रश्न कोरा सोडतात आणि का. ती फोनवर हसत होती आणि मध्येच रडत होती. “काका, पुढच्या फेरीला तुम्ही आहात ना?” तिने विचारलं. मी सांगितलं, हिरवे पेन मी गोटीरामांना देऊन टाकले.

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं जेवायला बसलो. फॉर्म गोपनीय असतो, विचारायचं नसतं, हे मला या शहरात कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. तरी वरण वाढून घेताना राहवलं नाही.

“काय केलंस गं? खूण?”

“क्वचित.”

क्वचित! मी ताटावरून मान वर केली. बत्तीस वर्षांच्या संसाराला क्वचित? मी काही म्हणणार त्याआधी तिने हात वर केला आणि मी थांबलो.

“काल विचारलं असतंत तर ‘कधीच नाही’ केलं असतं,” ती म्हणाली. “आजचा दिवस धरून क्वचित.”